चिंतूची काठी आणि आत्मारामचं मशीन

वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या पाड्यावर कुणालाही विचारा, तारपा कोण वाजवतो? लहान पोरसुद्धा सांगेल, देवू. आणि काठी कोण मारतो? यावर लोक हसायचे. काठी काय, कुणीतरी मारतो! आता हे ऐकून डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय होणार? एकाहत्तर सालापासून पाड्यावरची काठी एकट्या चिंतूनं मारली, आणि एवढ्या वर्षांत तिचा एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. पण नाव देवूचं. पागोटं देवूला, पहिला घोट देवूला, जव्हारपासून डहाणूपर्यंत बोलावणी देवूला, आणि चिंतू आपला काठी खांद्यावर टाकून त्याच्या मागून चाललाय.

तारपानाच ज्यांनी पाहिला नसेल त्यांना थोडं सांगायला हवं. मधे तारपावाला उभा. दुधी भोपळ्याचं पोट, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब भोंगा. एकदा फुंकर घातली की तासतासभर श्वास तुटू द्यायचा नाही. त्याच्याभोवती बायामाणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरतात. गाण्याला शब्द नाहीत. एक चाल संपते कधी आणि दुसरी सुरू होते कधी ते कळतही नाही. तारप्याकडे पाठ कुणी करायची नाही, हा नियम. आणि साखळीच्या तोंडाशी एक माणूस असतो, हातात घुंगरं बांधलेली काठी घेऊन. तो ती जमिनीवर आपटतो. खण्! खण्! सगळे पाय त्या ठोक्यावर पडतात.

चिंतूला देवानं गळा दिला नाही. तारपाही दिला नाही. तरुणपणी एकदा त्यानं देवूचा तारपा तोंडाला लावून पाहिला, तर तीन दिवस गाल सुजून बसला. देवू त्याचा सख्खा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. त्यानं पोट धरधरून हसून घेतलं. आधीच्या काठीवाल्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं काठी चिंतूच्या हातात दिली आणि एवढंच सांगितलं, "तोंडं बघायची नाय. पाय बघायचे." चिंतूनं ते जन्मभर धरून ठेवलं. माणूस समोर आला की त्याची नजर आधी खाली जायची. त्यामुळे काही लोक त्याला लाजाळू समजायचे. लाजाळू कसला, तो पाय वाचत असायचा!

पुढे तो तारापूरच्या एमआयडीसीत पत्रे ठोकायच्या एका कारखान्यात लागला. पावसाळ्यात भाताच्या आवणीपुरती सुट्टी घ्यायचा, बाकी वर्षभर प्रेसवर. धाड्-सुं, धाड्-सुं. बाकीचे कानात कापूस घालायचे. चिंतू घालायचा नाही. चौऱ्याऐंशी साली एकदा त्यानं सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, तीन नंबरचा ठोका लंगडतोय." सुपरवायझर हसला, "अरे चिंतू, तू मशीन का डॉक्टर है क्या?" दुसऱ्या दिवशी तीन नंबरचा पट्टा फाटकन तुटला. नशीब, समोर कुणी नव्हतं. त्यानंतर फिटर महिन्यातून एकदा चिंतूला बोलवायचा, शेजारी उभा करायचा आणि विचारायचा, "बोल, ठीक है?" चिंतू डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा. घरी येऊन बायकोला सांगायचा तेव्हा छाती दोन बोटं वर असायची. बायको म्हणजे ठमी. ती म्हणायची, "मंग पगार वाढवला का?" ठमी बोलायला अशीच फटकळ. पण नाचात चिंतूच्या लगेच मागे तिचा पाय. काठी पडायच्या आधी ती पडणार हे तिच्या पावलाला कळायचं.

ब्याण्णव साली पाड्यावर आत्माराम आला.

आत्माराम एडवणचा, मासेमारीवाल्यांच्या घरातला. त्याच्या घरच्यांच्या दोन बोटी होत्या, पण याला समुद्र लागायचा. कोळीवाड्यात जन्मून ज्याला समुद्र लागतो त्यानं करावं तरी काय? यानं बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवायला घेतला. एडवणपासून सातपाटीपर्यंत एकही हळद त्यानं सोडली नाही. मग बोईसरला एक गाळा भाड्यानं घेतला, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला गोधड्या टांगल्या आणि बाहेर पाटी लावली, रेकॉर्डिंग स्टुडिओ. त्याचा मावसभाऊ परदेशी बोटीवर होता. त्यानं येताना एक कॅसेट आणली होती. तिच्यात एकही शब्द नाही, नुसता ठोका, आणि ठोक्यावर तरंगणारे गोड सूर. एक तुकडा दुसऱ्यात मिसळतोय, दुसरा तिसऱ्यात. लोक त्यावर तासन्‌तास नाचतात म्हणे. तिकडे त्याला टेक्नो म्हणतात, हाउस म्हणतात. आत्मारामनं ती सतरा वेळा ऐकली आणि अठराव्या वेळी कपाळावर हात मारून घेतला. अरे, हा तर तारपा! हे तर आपल्या डोंगरात कधीपासून चाललंय!

तो देवूच्या अंगणात येऊन बसला आणि म्हणाला, "देवूदादा, आपण आल्बम काढू. तारपा तुमचा, कॅसिओ माझा. शब्द नाय, थांबा नाय. आख्खी कॅसेट एका दमात."

देवूनं मिशीवरून हात फिरवला. त्याला कुणी नवीन काही विचारलं की तो आधी मिशी विचारात घ्यायचा. मग म्हणाला, "येतो. पण चिंतू बरोबर येणार. काठीबिगर मी वाजवीत नाय."

"या ना, घेऊन या," आत्माराम म्हणाला. काठी म्हणजे देवूची टेकायची काठी, अशी त्याची समजूत झाली असावी.

झालं! ठमीनं दुसऱ्या दिवशी वाणगावच्या बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं. सुकट विकणाऱ्या गोदूबाईला सांगितलं, बांगड्यावाल्याला सांगितलं, स्टेशनच्या हमालाला सांगितलं. "आमच्या ह्यांची काठी कॅसेटीत येणार हाय. दुकानात मिळंल. तुमी पण घ्या." चिंतू तिला "गप गं" म्हणायचा, पण आतून त्यालाही गुदगुल्या होत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याची काठी ऐकायला मशीन लावणार होतं. त्यानं घुंगरं नव्या दोऱ्यानं ओवली. काठीला तेल लावलं. कारखान्यात तीन दिवसांची रजा टाकली.

स्टुडिओत शिरल्यावर चिंतूनं रीतीप्रमाणे आधी जमिनीला हात लावला, तर हाताला सतरंजी लागली. आत्मारामनं एका काळ्या डब्यावरची गोधडी दूर केली. "हे ऱ्हिदम मशीन. मिनिटाला एकशेवीस ठोके. सकाळी लावलं तर संध्याकाळपर्यंत एक ठोका मागंपुढं नाय." त्यानं बटण दाबलं. धप्, धप्, धप्, धप्. मग त्याचं लक्ष चिंतूच्या हाताकडे गेलं. "ही काठी कशाला आणली, चिंतूभाऊ? तिची काय गरज? ठोक्याला मशीन हाय ना."

सहज म्हणाला तो. मनात वाईट नव्हतं. पण चिंतूला कुणीतरी भरल्या पानावरून उठवल्यासारखं झालं. त्यानं देवूकडे पाहिलं. देवू भोंग्यातली धूळ फुंकत होता.  कोपऱ्यात एक रंगाचा डबा उलटा पडला होता, त्यावर चिंतू जाऊन बसला आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. पाड्यावर परत कसं जायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. गोदूबाई विचारणार. हमाल विचारणार. ठमीला काय सांगायचं?

मशीन सुरू झालं. ठोका तर आहे, मग काठी काय नि मशीन काय, असं म्हणून देवूनं फुंकर घातली. दोन मिनिटं अशी झकास गेली की आत्मारामच्या अंगावर काटा आला. आणि मग तारपा पुढे पळाला. तारपा पळणारच! देवूला फुंकायचं माहीत, रंगायचं माहीत, आवरायचं त्याला कुठं माहीत होतं? मशीन आपलं बैलासारखं एका चालीनं चाललेलं आणि देवू वासरासारखा बांधावरून उधळलेला.

"देवूदादा, मशीनला धरून वाजवा."

"मी त्याला धरू? त्याला पाय हायेत का?"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. आत्मारामनं देवूच्या कानाला हेडफोन लावले. देवूनं ते काढून खुंटीला अडकवले. एकशेवीसचं एकशेतीस करून पाहिलं, तर देवू सुरुवातीलाच अडखळला. पहिला दिवस असा गेला. दुसरा दिवस तसाच. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी देवू तारपा खाली ठेवून बसला. चाळीस वर्षं वाजवणारा तो माणूस, त्याचे डोळे भरून आले होते. "मला जमत नाय रे," तो म्हणाला. "माझ्यात काय बिघडलं कळत नाय."

इतका वेळ चिंतू मनातून फुरफुरत बसला होता. बरं झालं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला? पण देवूचं ते तोंड पाहिलं आणि त्याचा राग पाण्यात मीठ विरघळावं तसा गेला. तो उठला.

"तुझ्यात काय बिघडलेलं नाय, दादा. तू पहिल्यापासून असाच पळतोस."

"मी? मी पळतो?"

"पळतोस. मी तुला धरून ठेवतो. एकाहत्तर सालापासून."

देवू त्याच्याकडे बघतच राहिला. आपण वाजवतो आणि काठी आपल्यामागून येते, हे त्याला सूर्य उगवतो तितकं पक्कं माहीत होतं. तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. चिंतू आत्मारामकडे वळला.

"शेठ, तुमचं मशीन चांगलं हाय. मी वीस वर्सं मशीनीत काढली, मला मशीनीचा राग नाय. पन त्याला कान नाय. त्याचं हे जे कान पिळायचं बटन हाय, जलद-हळू करायचं, त्याच्यावर तुमी बोट ठेवा. मी काठी मारतो. देवूदादा माझ्यामागं येईल. मशीनपन माझ्यामागं आणा."

आत्माराम चक्रावला. मशीन माणसामागे आणायचं हे त्यानं कुठं ऐकलं नव्हतं. पण बुडत्याला काडीचा आधार, इथे तर आख्खी काठी होती. "मारा," तो म्हणाला.

"इथं नाय मारणार."

"मग?"

"काठी शिमिटावर मारत नाय. खळ्याची माती पायजे. आन् पाय पायजेत. पाय बघितल्याबिगर मी काय मारू? भिंतीवरची अंडी बघून?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बोईसर स्टेशनावर जे उतरलं ते पाहायला हमालांनी बिड्या विझवल्या. ठमी पुढे, डोक्यावर खळ्याच्या मातीचं घमेलं. तिच्यामागे जमुना, बायडी आणि आणखी सहा जणी, सगळ्यांच्या डोक्यावर माती. भात झोडून झालं होतं, खळं रिकामंच होतं, पण खळ्याला नारळ दिल्याशिवाय ठमीनं ढेकळाला हात लावला नव्हता. त्यांनी स्टुडिओतली सतरंजी गुंडाळली, माती पसरली, पाणी मारलं, धुमसानं चोपली आणि वरून शेणानं सारवली. आत्माराम मशीनवर गोधड्यांवर गोधड्या घालत "अहो बाई, अहो बाई" करत नाचत होता. ठमी त्याला म्हणाली, "तू टेबलफॅन लाव. सुकंल लवकर."

दुपारपर्यंत जमीन सुकली. चिंतूनं वाकून तिला हात लावला, हात कपाळाला लावला. आत्मारामनं माइक खाली आणून जमिनीपासून वीतभर उंच बांधला. देवू मधे उभा राहिला. जागा इतकी अरुंद की साखळीला वळण घेताना बायडीची पाठ अंड्यांच्या ट्रेला घासत होती. चिंतूनं ठमीच्या पायांकडे पाहिलं आणि काठी उचलली.

खण्!

त्या एका ठोक्यात आत्माराम समजला. त्याच्या मशीनचा धप् वरून यायचा. हा खालून आला. हा पायातून वर चढला. त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि मशीन काठीच्या मागे सोडलं. देवूनं फुंकर घातली. तारपा पळायला गेला की काठी जड पडायची, जरा उशिरा, केसभर, आणि तारपा परत यायचा. पाय तापले की काठी हलकी व्हायची आणि सगळेच एक पायरी वर चढायचे, मशीनसकट. आत्माराम एका हातानं बटण सांभाळत होता, दुसऱ्या हातानं कॅसिओचे लांबलांब सूर सोडत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग फजिती झाली. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ती संपत आली तशी आत्मारामनं हात हलवला, थांबा, थांबा! कोण थांबतंय? देवूचे डोळे मिटलेले. बायकांची तोंडं तारप्याकडे. चिंतूनं पाहिलं, पण तारपा खाली आल्याशिवाय काठी थांबत नाही, हे त्याच्या हाडात होतं. त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. खट् करून कॅसेट संपली. आत्मारामनं धावत जाऊन दुसऱ्या टेपरेकॉर्डरमध्ये दुसरी कॅसेट कोंबली. तीही संपली, तरी हे नाचतच होते! देवूनं तारपा खाली घेतला तेव्हा बाहेर गाळ्याच्या दारात कारखान्यातून सुटलेले पन्नासेक कामगार उभे होते आणि जागच्या जागी पाय आपटत होते.

कॅसेट पावसानंतर आली. वर तारप्याचं चित्र. आत्माराम स्वतः पाड्यावर घेऊन आला, नव्या भाताचा सण होता त्या दिवशी, दुपार कललेली. ठमीनं कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय ते वाच," ती म्हणाली.

आत्मारामनं वाचलं, "तारपा : देवू. कॅसिओ आणि मशीन : आत्माराम."

"आन्?"

आत्मारामनं पुढे पाहिलं. पुढे छापखान्याचं नाव होतं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं वाद्यं मोजून नावं दिली होती, आणि काठी त्याच्या मोजणीत आलीच नव्हती. घ्या! ज्याच्या मागे मशीन चाललं त्यालाच विसरला गाढव! चिंतू म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आवाज आला ना?" पण बोलताना त्याची नजर खाली गेली, आणि या वेळी तो कुणाचे पाय वाचत नव्हता. ठमी काही बोलली नाही. ठमी बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

खळ्याच्या मधोमध उखळ पालथं घालून त्यावर टेपरेकॉर्डर ठेवला. साखळी धरली गेली. टेपरेकॉर्डरकडेही कुणी पाठ केली नाही. आणि मग लोकांनी एक नवल पाहिलं. देवू साखळीत आला! हाच काय तो माणूस जो तारपानाच कधी नाचला नव्हता, कारण तारपा कायम त्याच्या तोंडात. ठमीनं सरकून त्याला चिंतूच्या लगेच मागे जागा दिली. चिंतूनं काठी उचलली. टेपमधली काठी आणि हातातली काठी एकाच वेळी पडायला लागली. देवूचा पाय आधी चुकला, मग काठीनं त्याला उचललं, मग तो वाहत गेला. म्हाताऱ्याच्या तोंडावर पोरासारखं हसू पसरलं.

आणि ऐन रंगात, तारपा वर चढलेला, पाय तापलेले, खट्! बाजू संपली. स्टुडिओत जिथे तुटली होती तिथेच तुटली. सूर गेला, मशीन गेलं. साखळी डगमगली. देवूचा पाय हवेतच राहिला.

खण्!

चिंतूची काठी थांबली नव्हती. खण्. खण्. तारपा नाही, मशीन नाही, नुसती काठी. साखळी तिला धरून फिरत राहिली. आत्माराम घाईघाईनं कॅसेट उलटी करत होता, ती खाली पडली, उचलली, मातीनं भरली, शर्टाला पुसली. सात फेऱ्या झाल्या असतील. एकही पाय चुकला नाही. मग त्यानं बटण दाबलं. टेपमधून खरखर आली. चिंतूची काठी अर्ध्या वाटेत हवेत थांबली, केसभरच, कान लावून, आणि पडली ती टेपमधल्या काठीच्या डोक्यावर बरोब्बर! दोन ठोक्यांचा एक आवाज झाला. पाड्यानं अशी आरोळी ठोकली की वाणगाव स्टेशनात ऐकू गेली असेल.

नाच संपला. नाच संपल्यावर तारप्याच्या पाया पडायची रीत. लोक घुटमळले. पडायचं कुणाच्या पाया, टेपरेकॉर्डरच्या? तेव्हा देवू साखळीतून सुटून पुढे आला. वाकला. मोठा भाऊ, पाड्याचा मान. त्यानं चिंतूच्या काठीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"चिंत्या," तो म्हणाला, "मी येवढी वर्सं वाजवलं. नाचवलं तू. मलापन."

चिंतूनं यावेळी खाली पाहिलं नाही. मान वर करून त्यानं देवूच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, आणि त्याला जे काय वाटलं ते त्याच्या तोंडावर सगळ्या पाड्याला दिसत होतं. आत्मारामनं खिशातलं बॉलपेन काढलं. थैलीतल्या सगळ्या कॅसेटी खळ्यावर ओतल्या आणि पहिली मांडीवर घेतली.

"काय लिहू?" त्यानं विचारलं.

ठमी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "लिव," ती म्हणाली. "काठी : चिंतू. अगदी वरती. आन् त्याच्या खाली लिव, पाय : ठमी."